चष्म्याच्या कागदावरील दुर्लक्षित रकाने

चष्म्याच्या नंबराच्या कागदावरील पहिला आकडा सर्वांना पाठ असतो. ‘सिलिंड्रिकल’ आणि ‘ॲक्सिस’ हे पुढचे दोन रकाने मात्र चष्मेवाल्यासाठीच असावेत, असा आपला समज असतो. ज्यांना अस्टिग्मॅटिझम आहे, त्यांच्या दृष्टीचे मर्म नेमके तेथेच असते.

डोळ्याच्या दर्शनी भागावरील पारदर्शक पटल चेंडूसारखे सर्व दिशांनी सारखे गोल असेल, तर प्रकाशकिरण एका बिंदूत मिळतात. तेच चमच्याच्या पाठीसारखे एका दिशेने अधिक व दुसरीने कमी वक्र असेल, तर ते तसे मिळत नाहीत. मग जवळचे आणि दूरचेही अंधुक दिसते. बिलातील तिनाचा आठ भासतो, संध्याकाळी डोके दुखते. ही ठेवण बहुधा जन्मजात असते. मंद उजेडात वाचल्याने ती येत नाही, वडीलधारी मंडळी काहीही म्हणोत.

इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८२५च्या सुमारास स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी दंडगोलाकार भिंग घडवून घेतले. आजचा सिलिंड्रिकल नंबर त्याच तत्त्वावर चालतो. हे भिंग ठराविक कोनातच बसावे लागते. तो कोन म्हणजे ॲक्सिस. तीस अंशांची चूक झाली, तर सिलिंड्रिकल नंबराचा लाभ जवळजवळ शून्य होतो. गल्ल्यावर बसताना वाकडी झालेली फ्रेम म्हणूनच सरळ करून घ्यावी. दुकानात तयार मिळणाऱ्या वाचनाच्या चष्म्यांत तर हा नंबर नसतोच.

खरी काळजी मुलांची. ज्याने स्पष्ट कधी पाहिलेच नाही, ते मूल तक्रार कशाची करणार? मोठा नंबर लहानपणी दुर्लक्षित राहिला, तर त्या डोळ्याची दृष्टी मंद राहते आणि पुढे चष्मा लावूनही पुरती सुधारत नाही. म्हणून शाळेत घालण्यापूर्वी नेत्रतपासणी व्हावी. मुलीला चष्मा नको, लग्नात अडचण येईल, हा विचार तर तिच्या डोळ्यांवर अन्यायच आहे.

किशोरवयात सिलिंड्रिकल नंबर भराभर वाढू लागला आणि मूल सतत डोळे चोळत असेल, तर केवळ काच बदलून थांबू नये. पटल पातळ होऊन शंकूसारखे पुढे येणारा केराटोकोनस हा विकार त्यामागे असू शकतो. नेत्रतज्ज्ञांकडून पटलाचा नकाशा काढून घ्यावा. विकार वेळीच कळल्यास क्रॉसलिंकिंग उपचाराने त्याची वाढ बहुधा थांबवता येते.