परक्या झेंड्याखालीं

सन २०१४ च्या मे महिन्यांत कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादेस गेले, आणि तेथून जथा सोडून, घरच्यांस न कळवितां, ‘इस्लामिक स्टेट’ म्हणविणाऱ्या सशस्त्र टोळीस जाऊन मिळाले. देशोदेशींहून असे ४०,००० वर लोक गेले असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. “शिक्षण नसलें कीं असें होतें,” हें सुशिक्षितांचें आवडतें निदान आम्हांस पटत नाहीं. त्या चौघांतला एक तर इंजिनियरिंगचा विद्यार्थी होता.

मग उणें काय होतें? आम्हांस वाटतें, त्यांचें ऐकून घेणारें माणूस. आपल्यावांचून कोणाचें तरी अडावें, अशी एक विलक्षण भूक या वयांत असते. २०११ पासून सीरियांत पेटलेल्या यादवींत मेलेलीं बालकें मुलगा मोबाइलवर पाहतो. त्याचा संताप खोटा नसतो. घरीं विषय काढावा तर वडील म्हणतात, “आधीं परीक्षेचें बघ.” पलीकडचा अनोळखी मात्र रात्रीं दोन वाजतांहि उत्तर देतो, भाऊ म्हणतो, ‘तुझी गरज आहे’ म्हणतो, आणि त्या दयेंतूनच क्रौर्याची वाट काढून देतो. आमिष अर्थात् पराक्रमाचें! कल्याणचा एक तरुण २०१४ च्या नोव्हेंबरांत परत आला. आपणांस लढाईऐवजीं शौचकूप धुण्यास व पाणी भरण्यास लावलें, असें त्यानें तपासांत सांगितल्याचें तेव्हां प्रसिद्ध झालें.

घरास सर्वांत शेवटीं कळतें. लंडनमधील बेथनल ग्रीनच्या एका शाळेंतली मुलगी २०१४ च्या डिसेंबरांत सीरियास गेली. तिच्या मैत्रिणींचे जबाब घेण्यास पालकांची संमति हवी म्हणून पोलिसांनीं पत्रें लिहिलीं, आणि दिलीं कोणाच्या हातीं? त्या मुलींच्याच! (कोणताहि जुना मास्तर त्यांस सावध करता.) पत्रें पालकांस मिळालींच नाहींत. १७ फेब्रुवारी २०१५ रोजीं त्यांतील तिघी, वयें १५ व १६, विमानानें इस्तंबूलला गेल्या व तेथून सीरियांत शिरल्या. पुढें पोलिसप्रमुखांनीं क्षमा मागितली.

वाचक म्हणतील, हीं घरें आपलीं नव्हेत. धर्म निराळा, खरें. पण मुलानें पंगतींत कांहीं विपरीत मत काढलें असतां “मुकाट्यानें जेव” हें वाक्य आमच्या कोणत्या घरांत ऐकूं येत नाहीं? आजोबा, वडील, काका असे तीन तीन वडीलधारे समोर बसलेले; त्यानें बोलावें कोणाशीं?

डेन्मार्कांतील आरहूस शहराच्या पोलिसांनीं निराळी रीत धरली. गुन्हा केलेल्यावर खटला होतोच. इतरांस मात्र बोलावून बसवितात, प्रत्येकास एक जाणता मनुष्य जोडून देतात, आणि त्यानें व्याख्यान न देतां त्या मुलाशीं वाद घालावयाचा, त्याचें ऐकावयाचें. आईबापांचीहि मंडळें आहेत. २०१३ पर्यंत त्या गांवचे सुमारे ३० तरुण सीरियास गेले होते. २०१४ सालीं एकच गेल्याचें तेथील पोलिसांनीं सांगितलें.