परंपरा मोडायची मुभा कोणाला?

घर फुटलं की खापर सुनेच्या डोक्यावर फोडायचं, ही रीत आपल्याला नवी नाही. भावाभावांत जमिनीवरून वर्षानुवर्षं धुसफूस चाललेली असते, पण वाटण्या झाल्या की गाव म्हणतं, ‘ही आली आणि घर मोडलं.’ गेली पन्नास वर्षं ख्रिस्ती जगात हेच वाक्य जरा भारदस्त भाषेत ऐकू येतं : स्त्रियांना गुरुदीक्षा दिली म्हणून चर्च फुटलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडच्या चर्चनं कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुलाली यांचं नाव जाहीर केलं. या पदावर स्त्रीची निवड होण्याची ही पहिलीच वेळ. अनेक देशांतल्या पुराणमतवादी बिशपांनी लगेच नाराजी जाहीर केली. समलिंगी जोडप्यांविषयीची त्यांची भूमिका हेही त्याचं एक कारण होतं. पण ‘बाई आणि या गादीवर?’ हा प्रश्नही होताच.

हा वाद फक्त ख्रिस्ती मैत्रिणींचा आहे असं मला वाटत नाही. परंपरेच्या नावानं बाईला दाराबाहेर उभं करणारे स्वतः परंपरेशी कसे वागतात, हे इथे तारीखवार नोंदलेलं आहे. ते आपण सगळ्यांनीच वाचावं.

आधी थोडी माहिती. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन चर्चमध्ये बिशपाचा अधिकार हातातून हातात येतो असं मानतात. येशूच्या प्रेषितांनी पहिल्या बिशपांच्या मस्तकावर हात ठेवले, त्यांनी पुढच्यांच्या, अशी ती साखळी. धर्मगुरूला दीक्षा द्यायला एक बिशप पुरतो. पण नवा बिशप करायचा तर निदान तीन बिशप हवेत, हा दंडक इसवी सन ३२५ च्या नायसिया परिषदेपासूनचा आहे. यात एक पळवाटही आहे. एखाद्या खऱ्या बिशपानं वरिष्ठांची परवानगी न घेता कोणाच्या डोक्यावर हात ठेवला, तर ते कृत्य ‘बेकायदा, पण वैध’ ठरू शकतं. या पळवाटेतून गेल्या दीडशे वर्षांत कितीतरी स्वतंत्र बिशप आणि फुटीर चर्चेस जन्माला आली.

त्यांतल्या एका मोठ्या फांदीचं मूळ आपल्या शेजारी, गोव्यात आहे. पोर्तुगालचा राजा आणि पोप यांच्यात १८८६ साली करार झाला आणि भारत-श्रीलंकेतल्या कॅथलिकांची नव्यानं वाटणी झाली. ती न मानणाऱ्यांची बाजू गोव्याचे फादर आंतोनियु फ्रान्सिश्कु झेवियर आल्वारिश यांनी घेतली. ते रोमपासून वेगळे झाले आणि १८८९ मध्ये केरळातल्या सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चनं त्यांना बिशप केलं. पोर्तुगीज सरकारनं त्यांचा छळ केला, तरी पणजीतल्या गोरगरिबांची सेवा त्यांनी सोडली नाही. १८९२ मध्ये कोलंबोत आल्वारिश आणि त्यांच्या सहकारी बिशपांनी रने व्हिलात या अमेरिकेहून आलेल्या फ्रेंच गृहस्थांना बिशप केलं. व्हिलातनं पुढे अनेकांवर हात ठेवले. त्यांत १९२१ मध्ये शिकागोत जॉर्ज अलेक्झांडर मॅग्वायर होते. गोऱ्यांच्या अँग्लिकन चर्चमध्ये काळ्या माणसाला बरोबरीची जागा नाही म्हणून त्यांनी आफ्रिकन ऑर्थोडॉक्स चर्च उभारलं.

हे मी मुद्दाम सांगते आहे. फुटून निघणं हे दर वेळी ढोंगच असतं असं मला म्हणायचं नाही. आल्वारिश यांचं गाऱ्हाणं खरं होतं, मॅग्वायर यांचं तर त्याहून खरं. अन्यायाविरुद्ध वेगळी चूल मांडण्याचा हक्क कोणालाही आहे. माझा प्रश्न एवढाच : तोच हक्क बाईनं बजावला की माप का बदलतं?

अमेरिकेतल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून पाहा. २९ जुलै १९७४ ला फिलाडेल्फियात, चर्च ऑफ दि ॲडव्होकेट या काळ्या वस्तीतल्या चर्चमध्ये, अकरा स्त्रियांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. ती देणारे तिघे बिशप पदावरून निवृत्त झालेले किंवा पद सोडलेले होते. पण ते खरे बिशप आहेत याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. म्हणजे जिथे एक हात पुरला असता तिथे तिघांचे होते. तरीही दोन-तीन आठवड्यांतच अमेरिकन अँग्लिकन बिशपांनी तातडीची बैठक घेतली आणि ही दीक्षा वैध नाही असं ठरवलं. १९७६ मध्ये चर्चनं नियम बदलला, तेव्हा याच अकरा जणींना पुन्हा दीक्षा घ्यावी लागली नाही. नुसती ‘पूर्तता’ पुरली. मग अवैध ते नेमकं काय होतं?

आता दुसरी घटना. स्त्रियांची दीक्षा आणि बदलती प्रार्थनापुस्तिका यांना विरोध करणारे लोक सप्टेंबर १९७७ मध्ये सेंट लुइसला जमले. धर्मगुरू पुरुषच असावा ही ख्रिस्ताची इच्छा आहे, असं त्यांनी जाहीरनाम्यात लिहिलं आणि आम्हीच खरी अँग्लिकन परंपरा पुढे चालवणार असं ठरवलं. त्यासाठी स्वतःचे बिशप हवे होते. २८ जानेवारी १९७८ ला डेन्व्हरमध्ये, लुथरन पंथाच्या उसन्या घेतलेल्या चर्चमध्ये, पहिला बिशप करण्यात आला. तीन बिशप लागतात. हजर होते दोन. तिसऱ्याचं, दक्षिण कोरियातल्या एका बिशपाचं, संमतिपत्र पुरेसं मानलं गेलं. परंपरेच्या रक्षणासाठी बाहेर पडलेल्यांनी पहिल्याच दिवशी दीड हजार वर्षांहून जुना दंडक वाकवला! ज्या चर्चमधून ते निघाले त्यानंही त्यांना मान्यता दिली नाही, हे खरं. पण स्वतःपुरतं त्यांचं समाधान झालं : अडचणीची वेळ आहे, थोडं इकडेतिकडे चालायचंच. पुढे काही वर्षांतच हा गट आपसांतल्या भांडणानं फुटला. त्या फुटीच्या वेळी तर घरात दोष द्यायला एकही बाई-धर्मगुरू नव्हती.

रोमचं माप यापेक्षा वेगळं नाही. आर्चबिशप लफेव्हर यांनी ३० जून १९८८ ला पोपची आज्ञा मोडून चार बिशप केले. सगळ्यांवर बहिष्कार आला, पण ते बिशप ‘बेकायदा, पण वैध’च राहिले. जानेवारी २००९ मध्ये त्या चौघांवरचा बहिष्कार पोपनं उठवला. त्या चौघांतल्या रिचर्ड विल्यमसन यांनी नाझींच्या विषारी वायूच्या कोठड्या झाल्याच नाहीत असं जाहीरपणे म्हटलं होतं, मुलींनी विद्यापीठात जाऊ नये असंही लिहिलं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोपनं नाराज अँग्लिकनांसाठी खास दालन उघडलं. तिथे त्यांच्या विवाहित धर्मगुरूंनाही जागा करून दिली.

उलट बाजू पाहा. २९ जून २००२ ला डॅन्यूब नदीवर एका बोटीत सात स्त्रियांनी दीक्षा घेतली. ती देणारे अर्जेंटिनाचे रोमुलो ब्रास्की हे रोमबाहेरचे स्वतंत्र बिशपच होते. २२ जुलैपर्यंतची मुदत देऊन ५ ऑगस्टला या सात जणींवर बहिष्कार घातला गेला. त्यांचं कृत्य नुसतं बेकायदा नव्हे, तर मुळातच शून्य ठरलं, कारण चर्चच्या कायद्याप्रमाणे दीक्षा फक्त पुरुषालाच लागू पडते.

याहून बोलका दाखला चेकोस्लोव्हाकियाचा आहे. कम्युनिस्ट राजवटीत तिथलं चर्च भूमिगत होतं. बिशप फेलिक्स दावीदेक यांनी गुप्तपणे विवाहित पुरुषांना दीक्षा दिली आणि १९७० मध्ये लुडमिला याव्होरोवा यांनाही. तुरुंगातल्या स्त्रियांपर्यंत पोचायला बाईच हवी, असा त्यांचा विचार होता. राजवट कोसळल्यावर रोमनं त्या विवाहित पुरुषांसाठी वाट काढली : कोणाला सशर्त पुन्हा दीक्षा, कोणाला पूर्वेकडच्या विधीच्या चर्चमध्ये जागा. याव्होरोवांना मात्र सांगितलं, तुमची दीक्षा झालीच नाही. हात तेच, धोका तोच, फक्त मस्तक बाईचं.

मग बायकांनी आपलं वेगळंच चर्च काढावं का? इथेही सावध राहावं असं मला वाटतं. पोलंडमध्ये फेलिक्सा कोझ्लोव्स्का या जोगिणीच्या प्रेरणेनं मारियाविट पंथ सुरू झाला. १९०६ मध्ये रोमनं तिला नाव घेऊन बहिष्कृत केलं. पण १९०९ मध्ये पंथाला बिशप हवा झाला तेव्हा उट्रेख्टला हात ठेवले गेले ते यान कोवाल्स्की या पुरुषावर. त्यांनी १९२९ मध्ये स्त्रियांना दीक्षा दिली खरी. पण १९३५ मध्ये पंथ फुटला आणि बहुमतवाल्या गटानं स्त्रियांचं धर्मगुरूपद काढून घेतलं. बाईच्या शब्दावर उभ्या राहिलेल्या पंथात बाईची जागा सहा वर्षं टिकली. पाटी नवी लागली म्हणजे घरातली सत्ता बदलत नाही, हे आपल्या संघटनांनाही ठाऊक आहे.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी या प्रश्नाला फार आधी तोंड दिलं. १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी निक्षून सांगितलं की माझ्या सदसद्विवेकावर मी कोणाचा ताबा चालू देणार नाही. त्यांनी ना बिशपपद मागितलं, ना कोणाचा हात डोक्यावर घेतला. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणलं.

याचा अर्थ दीक्षा मागणाऱ्या बायका चुकतात असा मी काढत नाही. उतरंडीत शिरून उतरंड मोडत नाही, असं म्हणणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीवादी विचारवंतही आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. पण दाराआत जायचं की नाही हे बाईनं ठरवायचं असेल, तर आधी दार उघडं हवं. दाराला कुलूप घालून ‘आत आहे तरी काय?’ असं विचारणाऱ्यांचं ऐकू नये.

देऊळ असो, दर्गा असो, चर्च असो की जातपंचायत, यापुढे कोणी ‘परंपरेत बसत नाही’ म्हणालं की आपण दोन प्रश्न विचारू या. ही परंपरा याआधी कोणी मोडली? आणि त्यांचं पुढे काय झालं? उत्तर बहुतेक वेळा असं सापडेल की मोडणारे पुरुष होते आणि त्यांच्यासाठी वाट निघाली. मग तीच वाट आम्हालाही हवी, एवढीच मागणी आहे. वसई, नगर, गोवा इथल्या ख्रिस्ती मैत्रिणींनी आपापल्या चर्चमधले अनुभव यावर जरूर लिहावेत. ही चर्चा त्यांच्याशिवाय पुढे जाऊ नये.