उमेदवारीचे अखेरचे आठवडे

आमच्या शाळांतून बाहेर पडलेले विद्यार्थी आतां उच्च शिक्षण घेतां घेतां परदेशीं जाऊन कांहीं महिने एखाद्या प्रयोगशाळेंत, रुग्णालयांत किंवा कचेरींत उमेदवारी करूं लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. हल्लीं तिला ‘इंटर्नशिप’ असें म्हणतात. या उमेदवारीविषयीं लिहिणारे बहुधा तिच्या आरंभाविषयींच लिहितात. अर्ज कसा करावा, कपडे कोणते न्यावे, थंडीपासून बचाव कसा करावा, हें सर्व ते सांगतात. तिच्या शेवटाविषयीं मात्र कोणी फारसें बोलत नाहीं. वस्तुतः शेवटचे तीन-चार आठवडे हाच या काळाचा सर्वांत मोलाचा भाग होय, आणि तोच पुष्कळांच्या हातून वायां जातो, असें आमचें मत आहे.

वायां जातो तो असा. या सुमारास कामाचा भार हलका होतो, गांठीं चार पैसे उरलेले असतात, आणि ‘आतां सगळा युरोप पाहून घेऊं’ अशी ऊर्मि उठते. मग आठ दिवसांत सहा राजधान्या! रात्र आगगाडींत, दिवस एखाद्या प्रसिद्ध मनोऱ्यापुढील रांगेंत, एक छायाचित्र, कीं पुढचें गांव. घरीं परतल्यावर ‘काय पाहिलेंस?’ असें आजीनें विचारलें, म्हणजे उत्तरादाखल नुसती नांवांची यादी हातीं येते.

असें करणाऱ्यांस आम्ही दोष देत नाहीं. पुन्हां येणें घडेल कीं नाहीं, ही त्यांची शंका खरी आहे. आईबापांनीं पोटाला चिमटा घेऊन पैसा उभा केला, त्याचें सार्थक व्हावें, ही इच्छा तर स्तुत्यच आहे. परंतु हा हिशेबच मुळीं चुकीचा आहे. पाहणें ही मोजून घेण्याची वस्तु नव्हे. ती पचवून घेण्याची आहे. म्हणून आमची सूचना अशी कीं, ज्या शहरीं उमेदवारी केली, त्याच्या एका दिवसाच्या टप्प्यांतला एकच मुलूख निवडावा, आणि तो शक्य तितका पायीं फिरावा.

एक उदाहरण घेऊं. एखादा विद्यार्थी स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथें आहे. त्याच्या दक्षिणेस, इंग्लंडच्या शिवेपर्यंत, ट्वीड नदीच्या खोऱ्याचा ‘बॉर्डर्स’ नांवाचा प्रदेश आहे. इकडील आगगाडी १९६९ सालीं बंद झाली होती. ती २०१५ च्या सप्टेंबरांत पुन्हां सुरू झाली. आतां सुमारें एका तासांत ट्वीडबँक येथें उतरतां येतें, आणि तेथून मेलरोझ गांव चालत जाण्याइतकें जवळ आहे. तेथें राजा डेव्हिड पहिला यानें ११३६ सालीं स्थापिलेला मठ आज भग्नावस्थेंत उभा आहे. केल्सो, जेडबर्ग व ड्रायबर्ग येथील मठांचीही तीच दशा. १५४४-४५ सालीं इंग्रज सैन्यानें या प्रदेशावर केलेल्या स्वाऱ्यांच्या खुणा ते भिंतींवर वागवीत आहेत. ड्रायबर्गच्या भग्न मठांतच कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट १८३२ पासून चिरनिद्रा घेत आहेत.

हा मुलूख शेंकडों वर्षें दरोड्यांचा होता. सीमेच्या दोन्ही अंगांचे लोक रात्रीं परस्परांचीं गुरें हांकून नेत. आजही उन्हाळ्यांत येथील गांवकरी घोड्यांवर बसून आपल्या गांवची शीव फिरून येतात. ज्याला आपल्याकडील शिवेचीं भांडणें ठाऊक आहेत, त्याला या उत्सवाचें मर्म समजावून सांगावें लागत नाहीं. पुढें लोंकरीच्या कापडानें या खोऱ्याला वैभव आलें, आणि कालांतरानें अनेक गिरण्या बंद पडल्या. मुंबईच्या गिरणगांवाची कथा ऐकून वाढलेल्या मुलानें हें अवश्य पाहावें. शहर आपल्याला देशाचा सणासुदीचा पोशाख दाखवितें. रोजचे कपडे पाहावयाचे तर खेड्यांतच जावें लागतें. विलायत म्हणजे निव्वळ संपत्ति, हा भ्रम तेथें निघून जातो, आणि तेथील माणूस आपल्यासारखाच सुखदुःखाचा धनी दिसूं लागतो.

मेलरोझपासून सुमारें १६ किलोमीटर पायवाट तुडविली कीं लॉडर हें लहानसें गांव लागतें. डॉ. जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ सालीं येथलाच. ते १८२९ सालीं मुंबईस उतरले. कोंकणांत राहून मराठी शिकले. त्यांचें नांव मुंबईच्या विल्सन कॉलेजाशीं कायमचें जोडलें गेलें. आणि १८७५ सालीं त्यांचा देह मुंबईसच पडला. पूर्वेकडील डन्स गांवीं रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप १८१७ सालीं जन्मले. नागपुरास येऊन त्यांनीं शाळा चालविली, गोंड लोकांचीं गीतें टिपून घेतलीं व तेथील खडकांतील प्राचीन जीवांचे अवशेष गोळा केले. डन्सच्याच परिसरांत भूगर्भशास्त्राचे आद्य प्रवर्तक जेम्स हटन यांची शेती होती; त्या परगण्याच्या समुद्रकांठीं, सिकार पॉइंट येथें, १७८८ सालीं उभ्या थरांवर तिरपे पसरलेले तांबडे थर पाहून त्यांना पृथ्वीच्या वयाचा अथांगपणा पटला. अशा मातींतला पुरुष नागपूरच्या खडकांकडे जिज्ञासेनें पाहूं लागला, यांत आम्हांस आश्चर्य वाटत नाहीं.

हे दोघे आमच्या देशीं आठ दिवसांचे प्रवासी म्हणून आले नाहींत. त्यांच्या धर्ममतांविषयीं कोणाचें कांहींही मत असो, त्यांनीं प्रथम आमची भाषा शिकली व आमचा मुलूख पायांखालीं घातला, हें निर्विवाद आहे. परदेश कसा पाहावा, याचा धडा त्यांच्याच जन्मगांवीं उभें राहून घ्यावा, हें किती यथायोग्य आहे!

कोणी म्हणेल, हें सर्व पहिल्याच आठवड्यांत कां पाहूं नये? तेव्हां आपला कान तेथील उच्चारांस सरावलेला नसतो, प्रत्येक नाण्याचे मनांतल्या मनांत रुपये होत असतात, आणि घराची ओढ पाय मागें खेंचते. अखेरच्या आठवड्यांत आपण पाहुणेही नसतों आणि रहिवासीही नसतों. दुकानदाराशीं चार शब्द बोलतां येतात, पावसाचा अंदाज बांधतां येतो, काय विचारावें हेंही कळूं लागलेलें असतें. ही पात्रता महिनोन् महिने खपून मिळविलेली असते. ती विमानांत बसतांच संपते. म्हणून तिचा व्यय जपून करावा.

दोन गोष्टी मात्र सांगितल्या पाहिजेत. ज्या कामासाठीं गेलों, त्याचा अहवाल पुरा केल्यावांचून पाऊल बाहेर टाकूं नये; मालकाचा वेळ चोरून केलेला प्रवास हा प्रवास नव्हे. आणि अनोळखी डोंगरांत जातांना कोठें जातों व केव्हां परतूं हें कोणास तरी सांगून जावें. स्कॉटलंडांत २००३ च्या कायद्यानें जबाबदारीनें वागणाऱ्या पांथस्थास बहुतेक माळरानांतून फिरण्याचा हक्क दिला आहे. परंतु धुकें कायदा पाळीत नाहीं.

बाळांनो, जो एक परका मुलूख नीट पाहावयास शिकला, त्याला घरीं परतल्यावर आपल्या तालुक्यांतील नदी कोठें उगम पावते, जवळच्या लेण्यांत काय कोरलेलें आहे, कोणत्या गांवची गिरणी कां थांबली, हे प्रश्न पडूं लागतात. ते पडले नाहींत, तर तो कितीही देश हिंडला तरी त्याची उमेदवारी अपुरीच राहिली, असें आम्ही म्हणूं.