मधुमेही मुलाला मैदानाबाहेर बसवू नका

थंडी सुरू झाली की गोल्फ क्लब मैदानावर पहाटे धावणाऱ्यांची गर्दी वाढते आणि शाळाशाळांतून क्रीडास्पर्धांचे वारे वाहू लागतात. अशाच दिवसांत एक आई दवाखान्यात आली. मुलगा बारा वर्षांचा, तीन वर्षांपासून इन्शुलिनवर. "याला काही झाले तर जबाबदारी कोणाची?" असे शाळेने विचारले होते. आईला हवी होती पळण्यातून सूट मिळाल्याची चिठ्ठी. मुलगा खाली मान घालून बुटाच्या नाडीशी चाळा करत होता. चिठ्ठी मी दिली, पण ती सूट देणारी नव्हती.

हा आजोबांना पन्नाशीत जडणारा मधुमेह नव्हे. प्रकार एकमध्ये शरीरात इन्शुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते सुईने द्यावे लागते. निरोगी माणूस धावू लागला की त्याचे शरीर इन्शुलिन आपोआप कमी करते. सुईने आत गेलेले इन्शुलिन मात्र परत काढून घेता येत नाही. त्यात धावणारे स्नायू साखर ओढून घेतात आणि मुलाला घाम, थरथर, चक्कर सुरू होते. शाळेची भीती खोटी नाही. तिच्यावरचा उपाय चुकीचा आहे.

पळण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. साधारण १२५ ते १८० असेल तर खुशाल पळावे. ९० च्या खाली असेल तर आधी केळे किंवा ग्लुकोज द्यावे आणि साखर वर आल्यावरच सोडावे. २७० च्या वर असून लघवीत किटोन दिसले, तर त्या दिवशी पळणे नाही. जेवणानंतर दोन-तीन तासांत पळायचे असेल, तर त्या जेवणाचे इन्शुलिन किती कमी करायचे हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. ते अजिबात बंद करणे हा घातक प्रकार आहे. सुई मांडीत न घेता पोटावर घ्यावी, कारण धावत्या मांडीतून इन्शुलिन लवकर शोषले जाते. साखर उतरलीच तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. चॉकलेट अशा वेळी उपयोगाचे नाही, त्यातील स्निग्धांशामुळे साखर सावकाश चढते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

पालक फसतात ते दुसऱ्याच ठिकाणी. शंभर मीटरच्या जोरकस शर्यतीनंतर साखर कधीकधी उलट वाढते. घाबरून जादा इन्शुलिन टोचले जाते आणि मग ती धाडकन उतरते. शिवाय दुपारी पळालेल्या मुलाची साखर मध्यरात्रीनंतरही घसरू शकते. म्हणून त्या रात्री झोपण्यापूर्वी आणि मध्ये एकदा उठून तपासणी करावी. आईची झोप मोडते, हे कबूल.

वासिम अक्रमला १९९७ मध्ये हाच मधुमेह असल्याचे निदान झाले. त्यानंतरही तो २००३ च्या विश्वचषकापर्यंत धावत येऊन वेगवान गोलंदाजी करत होता. आणि ज्या जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवले, त्या जिल्ह्यात पोराला पळू नकोस म्हणायचे?

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून कळवले आहे की, अशा मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार शाळेत साखर तपासू द्यावी, इन्शुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळी खाऊ द्यावे आणि खेळूही द्यावे. किती मुख्याध्यापकांच्या टेबलावर ते पत्र आहे, हे पालकांनीच जाऊन विचारावे.

माझ्या चिठ्ठीत चार ओळी होत्या. मुलगा पळेल. ग्लुकोजची पुडी त्याच्या खिशात आणि दुसरी क्रीडाशिक्षकांच्या खिशात राहील. पळण्याआधी व नंतर तो बोट टोचून घेईल. काही शंका असल्यास मला फोन करावा.

शाळेचा फोन अजून आलेला नाही.