सर्टिफिकेट मिळेल का, मॅम?

लायब्ररीच्या वर्कशॉपचं पोस्टर ग्रुपवर पडतं. 'संशोधन आणि डेटा : नवख्यांसाठी', शनिवार, सकाळी दहा. त्याखाली पहिला मेसेज काय येतो, हे तुम्हालाही पाठ असेल. "सर्टिफिकेट मिळेल का?" दुसरा, "अटेंडन्स धरणार का?" मग कुणीतरी अंगठा दाखवतं आणि विषय संपतो.

दोष तुमचा एकट्याचा नाही. आपल्याकडे अशा कार्यक्रमांची तऱ्हाच तशी. दहाची वेळ, साडेदहाला दीपप्रज्वलन, मग प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ आणि बारा वाजता नव्वद स्लाइड्सची मालगाडी. शेवटी फीडबॅक फॉर्म भरा, ई-सर्टिफिकेट घ्या. अशा ठिकाणी डुलकी लागली तर नवल नाही. तरीही माझं म्हणणं आहे, जा. आणि एफवायलाच जा. शेवटच्या वर्षी, सबमिशनला आठ दिवस उरल्यावर जाऊन काही हाती लागत नाही.

कारण आता प्रोजेक्ट टळत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानं फील्ड प्रोजेक्ट आणला, चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च'ची वाट उघडली. पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर ती तुम्हाला मिळू शकते. पण ऐंशी जणांकडून गुगल फॉर्म भरून घेतल्यावर त्या उत्तरांचं करायचं काय, हे शिकवतं कोण? 'रिसर्च मेथडॉलॉजी'च्या पेपरात संशोधनाची वैशिष्ट्यं लिहा, दहा गुण. वैशिष्ट्यं सगळ्यांना येतात. एक्सेलची शीट उघडली की हात थबकतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमचा प्रोजेक्ट ठाणे जिल्ह्यातल्या बालकुपोषणावर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या (२०१५-१६) आणि पाचव्या (२०१९-२१) फेरीचे जिल्हावार आकडे फुकट मिळतात. दोन आकडे शेजारी ठेवले, वजाबाकी केली, झाला निष्कर्ष तयार. पण पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. चौथ्या फेरीनं जिल्हे धरले ते २०११च्या जनगणनेतले, देशभरात ६४०. पाचवीनं धरले ७०७. म्हणजे पहिल्या आकड्यातल्या 'ठाण्या'त जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी आहेत आणि दुसऱ्यातल्या 'ठाण्या'त नाहीत. नाव तेच, जिल्हा वेगळा. तुमची वजाबाकी अचूक असेल, पण ती दोन वेगळ्या गोष्टींची आहे. मोखाड्यातलं पोर आपल्या बेरजेतून बाहेर गेलं आणि आपण लिहिलं, 'परिस्थिती सुधारली'. उद्या हाच प्रोजेक्ट कुणी सभेत वाचून दाखवला तर? परीक्षकही कदाचित पूर्ण मार्क देऊन मोकळे होतील, कारण ही चूक बेरजा तपासून सापडत नाही. आकडा गोळा करताना जिल्ह्याची हद्द कुठे होती, हे विचारायची सवय लागते. आणि ती लावायला कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

नावांचंही तेच. २०११च्या जनगणनेत औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर आहेत. नव्या फायलींत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर. आपल्याला कळतं, कॉम्प्युटरला कळत नाही. दोन फायली जोडल्या की हे जिल्हे गपचूप गळतात आणि शीट तोंडातून शब्द काढत नाही.

एक्सेल तर महा-आगाऊ. घर क्रमांक ५/२ टाकलात की तो त्याची तारीख करून ठेवतो. हसू नका, यात मोठमोठे शास्त्रज्ञ अडकलेत. मानवी जनुकांची 'मार्च १', 'सेप्ट १' अशी लघुनावं होती. एक्सेल त्यांच्या तारखा करत राहिलं आणि शेवटी २०२०मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं नावंच बदलल्याचं जाहीर केलं. सॉफ्टवेअर हटलं नाही, जनुकं हटली!

याहून मला आवडणारी गोष्ट टॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याची. तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकत होता. वर्गात गृहपाठ मिळाला : छापून आलेला एखादा शोधनिबंध घ्या आणि त्याचं उत्तर पुन्हा काढून दाखवा. त्यानं हार्वर्डच्या राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन बड्या अर्थतज्ज्ञांचा २०१०चा निबंध घेतला. देशावरचं कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की वाढ थंडावते, असं त्यात होतं आणि सरकारी खर्चाला कात्री लावा म्हणणारे नेते त्याचा हवाला देत होते. हर्न्डनचं उत्तर काही जुळेना. त्यानं लेखकांकडे मूळ शीट मागितली, त्यांनी ती दिली. पाहतो तर सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी सुटलेल्या. शिवाय काही वर्षांची माहिती वगळलेली, आणि देशांना वजन देण्याची पद्धतही त्याला पटणारी नव्हती. सगळं दुरुस्त केल्यावर उणे ०.१ टक्का वाढीच्या जागी २.२ टक्के आली. हे साल २०१३. त्यासाठी फार भारी गणित लागलं नाही. शीटमधला चौकोन निवडून वरच्या पट्टीत त्याचं सूत्र वाचायचं, एवढं करायची चिकाटी लागली. अशा वर्कशॉपच्या पहिल्या तासात नेमकं हेच शिकवायला हवं.

"पण सगळं यूट्यूबवर आहे ना?" आहे. फक्त तुम्ही जिथे अडलाय, ते तिथे नाही. व्हिडिओतल्या माणसाची फाइल नेहमी स्वच्छ असते. "मग एआयला विचारू." जरूर विचारा, पण संदर्भ त्याच्याकडून घेतलेत तर प्रत्येक संदर्भ उघडून बघा. न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले खटले थेट कोर्टात दाखल केले. ते खटले कधी घडलेच नव्हते. २०२३मध्ये त्यांना पाच हजार डॉलरचा दंड बसला. आपल्याला बसेल तो व्हायवामध्ये.

संदर्भ शोधणं हे ग्रंथपालांचं रोजचं काम आहे आणि आपण त्यांच्याकडे जातो ते फक्त 'नो ड्यूज'च्या सहीला. 'शोधगंगा'वर देशभरातले पीएचडीचे प्रबंध आहेत, मराठीतलेही, आणि बहुतेक फुकट वाचता येतात. केंद्र सरकारनं 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'साठी तीन वर्षांचे ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स त्यातून जानेवारी २०२५ पासून केंद्र आणि राज्य सरकारी संस्थांना खुली व्हायला लागली. तुमचं कॉलेज त्यात बसतं का, लॉगिन कसं मिळतं, घरून चालतं का, हे काउंटरवर विचारा. पैसे आपल्याच करांतून गेलेत. झोटेरोसारखं फुकटचं साधन वापरून संदर्भयादी कशी करायची, हेही तिथेच विचारता येईल.

आता थोडं आयोजकांना. ही वर्कशॉप्स बहुतेक इंग्रजीत होतात आणि उदाहरणांत तोच तो टायटॅनिकचा डेटा. जहाज बुडून शंभरावर वर्षं झाली, आपण अजून त्याचे प्रवासी मोजतोय! लासलगावचा कांदा घ्या ना. बाजार समितीचा भाव क्विंटलचा, दुकानातला किलोचा. एकक बदलायला विसरलं की काय होतं, ते कुणालाही पटकन समजेल. आणि मराठी उत्तरं असलेली फाइल उघडल्यावर अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं का दिसतात, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा, हे आपल्या पोरांचे खरे प्रश्न आहेत. ते कार्यक्रमपत्रिकेत क्वचितच दिसतात.

जगभर अशा कार्यशाळा भरवणारी 'कार्पेन्ट्रीज' नावाची चळवळ आहे. तिची एक युक्ती बिनखर्चाची आहे. प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या द्यायच्या. जमलं की लॅपटॉपवर एक रंग, अडलं की दुसरा. हात वर करायची लाज नाही, "सर, मला नाही कळलं" म्हणायची वेळ नाही. मदतनीस रंग बघून येतो. शिकवणाराही स्लाइड न दाखवता सर्वांसमोर स्वतः टाइप करतो आणि सगळे त्याच्यासोबत. वीस जणांचा वर्ग यात निघतो, दोनशेंचं सभागृह नाही. कित्येक कॉलेजांत ग्रंथपालाची जागाच रिकामी आहे, तिथे हे करणार कोण, हा प्रश्न उरतोच. विद्यार्थी प्रतिनिधींनी कॅन्टीनच्या दरांइतकाच तो लावून धरायला हरकत नाही.

जाताना मात्र रिकाम्या हातानं जाऊ नका. रजिस्ट्रेशनच्या फॉर्ममध्ये 'तुमच्या अपेक्षा' असा एक रकाना असतो आणि आपण त्यात 'नॉलेज' लिहून पुढे सरकतो. त्याऐवजी असं लिहा : 'आमच्या वाडीतल्या ६४ घरांच्या पाण्याची माहिती वहीत आहे. कोणी हंडे लिहिलेत, कोणी लिटर, सात जणांनी नुसतं "पुरतं" लिहिलंय. हे शीटमध्ये कसं भरू?' आणि शनिवारी ती वही सोबत न्या.