चार वस्तू आणि मधली तार



साखर, चहापत्ती, साबण आणि काडेपेटी आणायला सांगितलेला तरुण मुलगा एकटा साबण घेऊन परतला, तर आमच्या बोनकोड्यात काय, कुठल्याही वस्तीत त्याचा उद्धारच होणार. "एवढा शिकलास, चार वस्तू ध्यानात राहत नाहीत?" पण त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता असेल तर? कानात आवाज येणे, संशय घेणे हे घरच्यांना दिसते. शब्द निसटणे मात्र आळसात जमा होते.

डॉक्टर अशा रुग्णांना शब्दांची यादी ऐकवून परत म्हणायला सांगतात, तेव्हा इतरांपेक्षा बरेच कमी शब्द आठवतात. ऐकलेले शब्द लावून ठेवण्याचे काम कपाळामागचा मेंदू करतो आणि नवी आठवण साठवण्यात कानशिलाच्या आतला हिप्पोकॅम्पस हा भाग मुख्य. संशोधकांना या भागांमधली जोडणी अनेक रुग्णांत कच्ची आढळली आहे. दोन्हीकडे टेलिफोन आहेत, मधली तार सैल आहे, असे समजा. हा फरक सरासरीचा आहे. नुसत्या एमआरआयवरून हा आजार ठरत नाही, तेव्हा आपल्या मनाने पैसे घालू नयेत. अंगाऱ्या-धुपाऱ्याने तार जुळल्याचेही आमच्या ऐकिवात नाही!

1952 पासून आलेल्या औषधांनी भास आवरतात, म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नयेत. स्मरणशक्तीवर मात्र त्यांचा तेवढा उपयोग होत नाही. तिथे घरच्यांनी हात द्यायचा. हे रुग्ण शब्दांची आपणहून जुळवाजुळव करीत नाहीत, करून दिली तर त्यांना अधिक आठवते. म्हणून "चहाचे दोन जिन्नस, साखर आणि पत्ती" असे सांगावे, त्याच्याकडून एकदा म्हणून घ्यावे, नाहीतर सरळ चिठ्ठी द्यावी. चिठ्ठीत कमीपणा कसला? आम्ही कचेरीत दिवसभर चिठ्ठ्यांवरच काम करतो.

आणि माऊलींनो, टोमणे आवरा. ज्या घरात सतत दोष काढले जातात, तिथे आजार उलटण्याचे प्रमाण जास्त असते, हे लंडनच्या संशोधकांनी गेल्या शतकातच दाखवून दिले आहे.

ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 सालापासून आहे. कोपरखैरण्याहून ठाण्याला थेट लोकल जाते. निघण्याआधी विचारायचे असेल तर 14416 हा सरकारी टेलिमानस क्रमांक फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येते.