हिंमत कमी नाही, दिवस कमी आहेत

उद्या सबमिशन आहे, रात्रीचे दीड वाजलेत आणि तुम्ही ते रील बघताय. व्हॅनचं मागचं दार उघडतं. समोर बर्फाचे डोंगर, हातात वाफाळता मग, पायात लोकरीचे मोजे. अख्खा हिवाळा गाडीत, पोर्तुगालपासून थेट नॉर्वेपर्यंत. खाली कॅप्शन असते, की यासाठी फक्त हिंमत लागते. आपण मोबाइल उशाखाली सारतो आणि आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं मानून झोपतो.

माझं मत स्पष्ट आहे. ती कॅप्शन खोटी आहे.

मला या प्रवासाची टिंगल करायची नाही. उलट गेले सहा महिने मी त्याचं एक्सेल शीट बनवतेय. कधी लेक्चरला, कधी लोकलमध्ये, कधी इंटर्नशिपच्या चहाच्या ब्रेकमध्ये. ते भरताना रीलमधून कापलेलं बरंच काही सापडलं.

पहिला प्रश्न उजेडाचा. डिसेंबरात बर्लिनमध्ये दिवस आठ तासांचाही नसतो. नॉर्वेतल्या ट्रोम्सोमध्ये तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. दुसरा प्रश्न ओलीचा. दोन माणसांचा श्वास आणि भाताची वाफ रात्रभर काचांवर जमते. सकाळी ती पुसली नाही, हवा खेळू दिली नाही, तर गादीखाली बुरशी धरते. ब्युटेन गॅस शून्य अंशाच्या आसपास सिलिंडरमध्येच बसून राहतो, म्हणून थंडीत प्रोपेन लागतो. स्पेनच्या उबदार किनाऱ्यावर भरलेलं डिझेल आल्प्समध्ये घट्ट होऊ शकतं. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. आणि टॉयलेटची टाकी दर दोन-तीन दिवसांनी आपल्याच हातांनी रिकामी करावी लागते. तिचं रील कुणी टाकत नाही.

पण हे सगळं शिकता येतं. हॉस्टेलमध्ये एका बादलीत अंघोळ आणि कपडे दोन्ही उरकलेल्यांना तर लवकर जमेल. आपलं घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

भारतीय पासपोर्टवर मिळणाऱ्या शेंगेन व्हिसाचा नियम असा, की कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. शेंगेन म्हणजे एकच देश नव्हे. पोर्तुगाल ते फिनलंड, सगळ्यांचे मिळून ९०. पूर्वी काही जण दिवस वाचवायला क्रोएशियात मुक्काम करायचे. २०२३ पासून तोही शेंगेनमध्ये आला. शिवाय अर्ज करताना राहण्याची सोय दाखवावी लागते, बँकेतले पैसे दाखवावे लागतात, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. रीलमधला माणूस म्हणतो, मन रमेल तिथे थांबतो. व्हिसाचा अर्ज विचारतो, नक्की कुठे थांबणार ते सांगा.

जर्मनीतल्या निवृत्त जोडप्याला हा प्रश्नच पडत नाही. ते नोव्हेंबरात व्हॅन घेऊन दक्षिण स्पेनला जातं. सीमेवर त्यांचे दिवस कुणी मोजत नाही.

हा हिंमतीचा मामला नाही, याचा पुरावा ब्रिटिशांनी दिलाय. तिथले कितीतरी आजी-आजोबा वर्षानुवर्षं आपला हिवाळा स्पेनमध्ये व्हॅनमध्ये काढायचे. ब्रेक्झिटनंतर, १ जानेवारी २०२१ पासून त्यांनाही तोच ९० दिवसांचा नियम लागू झाला. आता त्यांतले काही दिवस शिल्लक ठेवायला अल्जेसिरासहून बोटीत व्हॅन चढवून मोरोक्कोला जातात. एका रात्रीत त्यांची हिंमत आटली होती का? बदलला तो फक्त पासपोर्टचा हक्क.

मला हे इतकं का लागलं, ते सांगते. माझी एक मैत्रीण संध्याकाळी मेडिकल स्टोअरमध्ये काम करून स्वतःची फी भरते. असंच एक रील बघून ती म्हणाली, ‘आपल्यात दमच नाही गं.’ तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतंय. दम तुझ्यात आहेच, कमी आहेत ते साठवलेले पैसे, सलग सुट्टी आणि दिवस. हे तिन्ही नसणं हा तुझ्या स्वभावातला दोष नाही. पण ‘हिंमत’ हा शब्द वापरला, की सगळा दोष बघणाऱ्याच्या माथी येतो आणि टाकणाऱ्याला मिळालेली सवलत झाकली जाते.

म्हणून स्वप्न सोडू नका, फक्त त्याचा हिशेब मांडा. पुढच्या वेळी असं रील दिसलं, तर कमेंटमध्ये दोन प्रश्न विचारा. पासपोर्ट कुठला? पैसे कुठून आले? उत्तर मिळालं तर शिकायला मिळेल. नाही मिळालं, तरी निदान झोप चांगली लागेल.

माझ्या शीटमध्ये आता नॉर्वे नाही. तीन आठवडे, जानेवारी, दक्षिण स्पेन. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना एक वर्ष चालतो, तो निघण्याआधी काढणार. वर्ष मात्र अजून रिकामं ठेवलंय, पगार सुरू झाला की भरेन. कुणाला खर्च वाटून घ्यायचा असेल, तर व्हॅनमध्ये एक जागा आहे. टॉयलेटची टाकी आळीपाळीने.